मोबाइलचा हिरवा दिवा आणि अक्काची मिश्री

"भाकरीसंगे ठेचा बंद करा मी. तोंड झोंबस," सुरतेला राहणारी माझी थोरली बहीण अक्का फोनवर म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. ठेचा सोडलेली खानदेशी बाई ठणठणीत असूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी मी अमळनेरहून सुरतेची गाडी धरली.

या वाटेने जाणार असाल तर दिवसाचीच गाडी धरा. नंदुरबार मागे पडलं की डब्यातलं बोलणं हळूहळू गुजरातीकडे कलतं. माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला शेजारच्या बाकावरून गिऱ्हाईक मिळालं. सुरतेत उतरल्यावर गरम लोचो खा. तेल आणि शेव घातलेला तो पदार्थ म्हणजे आपल्या पिठल्याचा मावसभाऊच. अक्का राहते त्या कोसाडला शेअर रिक्षा जातात, पण बसण्याआधी भाडं विचारा.

अक्काची सून वर्षा घरीच साड्यांवर खडे चिकटवते. तिने हात पुसून मोबाइल पुढे केला. "मावशी, काळजीचं काही नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका किती, ते सांगायला यात प्रश्न विचारतात, मी आईंना विचारून सगळे भरले. सिगारेट नाही, तंबाखू चघळणं नाही, दारू नाही. बघा, हिरवं आलं. धोका कमी."

"देख, मोबाइलबी म्हनस, मी ठणठणीत शे," अक्का म्हणाली. दवाखान्याचा विषय तिने तिथेच मिटवला.

सकाळी ती दारात मिश्रीची डबी घेऊन बसली. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची काळी पूड बोटाने हिरड्यांवर फिरवत होती. ज्या गालाला झोंबतं म्हणत होती, बोट त्याच गालात.

"अक्का, ही तंबाखूच ना?"

"मी कोठे खास? दात घसस!"

वर्षाही म्हणाली, "मावशी, ते तर मंजन आहे."

दोघीही खरंच बोलत होत्या. आमच्याकडे अर्ध्या गावाच्या बायका मिश्री लावतात आणि तंबाखूला एकही हात लावत नाही! प्रश्न लिहिणाऱ्याच्या घरी दात घासायला तंबाखू भाजत नसतील, मग त्याला हे सुचणार कसं? तुम्ही आईचं असं काही भरणार असाल, तर आधी एक सकाळ तिच्याजवळ नुसतं बसा.

अक्का मात्र हिरव्या दिव्याला धरून बसली. शेवटी म्हटलं, "त्या मोबाइलने तुझ्या तोंडात डोकावलं का? एकदा माणसाला डोकावू दे."

जवळच्या अमरोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गुजराती. त्यांनी तंबाखूचं नावच काढलं नाही, दात कशाने घासता एवढंच विचारलं. "मासी, दांते शुं घसो छो?" अक्काने कनवटीची डबी काढून कौतुकाने पुढे ठेवली. बाईंनी गाल ताणून आत उजेड पाडला. पांढरा चट्टा होता. तपासणीसाठी त्याचा बारीक तुकडा काढला. परतताना रिक्षात अक्काने माझं मनगट सोडलं नाही, आणि सारखी म्हणत होती, "तुले भारी हौस दवाखानानी!"

मी घरी परतल्यावर वर्षाचा फोन आला. कर्करोग नाही, पण त्याच्या उंबरठ्यावरचं आहे. मिश्री कायमची बंद.

सुरतेचं काय उरलं म्हणाल, तर सकाळचा एक फोन. अक्काला तलप येते तेव्हाच मी तो लावते. आधी ती मला चार शिव्या हासडते, मग सुनेची तक्रार, मग शेजारणीची. सगळी गल्ली बोलून होईपर्यंत तलप ओसरलेली असते.