बागेला कमान मिळाली, वाट नाही

मंडळी, आमच्या बागेतली चालायची वाट उखडली आहे. आई तिथेच पडली आणि तेव्हापासून ती फिरायला जात नाही. म्हणून नागरिकांनी कामं सुचवायचा पालिकेचा अर्ज मी भरला होता.

आज क्षेत्रीय कार्यालयात कळलं, बागेला निधी मिळाला, पण प्रवेशाच्या कमानीसाठी.

"अहो, पण वाटेचं काय?"

तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, वाटेवर नगरसेवकांचं नाव कुठे लावणार?"

आम्ही घरपट्टी दरवर्षी मुदतीत भरतो. नीट अर्ज लिहिला की काम होतं, असं आईला मीच सांगितलं होतं. घरातली पहिली पदवीधर ना मी!

खूप थकलेय. तुमच्यापैकी कुणी सुचवलेलं काम खरंच झालंय का? झालं असेल तर लिहा. आईला वाचून दाखवीन.