दोरा तोडायचा दात

ऐंशीच्या दशकात उरणच्या दवाखान्यात दाढेला कॅप बसवायला मी चार वेळा गेले. चारही वेळा बाकावर शेजारी एक म्हातारा कोळी असायचा, सोबत त्याची बायको. त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता, त्यालाही कॅपच बसायची होती. नंबर येईपर्यंत तो मांडीवर जाळं घेऊन शिवत बसायचा. दोरा तोडायची वेळ आली की सवयीने तोंडाशी न्यायचा, आठवण होताच ओशाळायचा आणि बायकोपुढे धरायचा. ती बोलता बोलता कट्कन तोडून द्यायची.

शेवटच्या दिवशी तो कॅप बसवून बाहेर आला. मी म्हटलं, "बाबा, आता हसायला मोकळे!"

"हासाला दात कशाला पायजे, बाय? दात दोरा तोडाला." असं म्हणून त्याने जाळं उचललंच.

"डाक्टर काय बोलला आता? त्या दातानं दोरा तोडाचा नाय!" बायको कडाडली.

त्याने दोरा तिच्यापुढे धरला. तिने कट्कन तोडला.

यावेळी मात्र तो ओशाळला नाही. माझ्याकडे बघून नवा दात पुरता दिसेल असा हसला.