सलोनी बेरोजगार झाली

मोरवा गावच्या सलोनीला सकाळी साडेनऊला फोन आला आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरेनात. जवळच्याच इंद्रलोक वस्तीतल्या एका नव्या पॅथॉलॉजी लॅबने तिला घेतलं होतं. उद्या आठला हजर व्हायचं. दुपारपर्यंत तिने डाळ करपवली, चहात दोनदा साखर घातली, पण बातमी काही तोंडातून बाहेर पडली नाही.

सांगणार कुणाला? घरात ठरवणारा माणूस एकच, तिचा आजा बाळाराम. एके काळी त्याच्या मिठागरावर चाळीस माणसं राबायची. मिठागर गेलं, चाळीच्या खोल्यांचं भाडं आलं, मान मात्र तेवढीच ताठ. "आमचे घरची पोर दुसऱ्याची चाकरी करनार न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सलोनीने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला तेव्हा त्याने गावभर पेढे वाटले, आणि पेढ्यांबरोबर तो विषयही संपवला. दोन वर्षं पोरगी घरात. चोवीस वर्षांची, शिकलेली, धडधाकट, आणि कुणी विचारलं तर "घरीच असते" एवढीच तिची ओळख. ऐकणाऱ्याला वैताग यावा अशीच गोष्ट होती ती.

दुपारी सर्वेक्षणाच्या बाई आल्या. मृणालिनीताई, हातात टॅब. कोण काम करतं, कोण शोधतं आणि कोण दोन्ही करत नाही, याची सरकारी नोंद त्या घरोघरी जाऊन घेत होत्या. आईबाबा नात्यातल्या हळदीला गेलेले, म्हणून उत्तरं द्यायला बाळाराम खुर्ची ओढून बसला. असली कामं त्याला मनापासून आवडायची.

"नात काय करते, आजोबा?"

"काय न्हाय. घरीच हाय."

"काम शोधतेय का?"

"तिला कशाला काम? खायला कमी हाय का?"

मृणालिनीताईंनी मान हलवली. "मग घरकाम लिहिते. म्हणजे काम नाही आणि कामाच्या शोधातही नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सलोनी ऐकत होती. आत्ता तोंड उघडलं नाही तर उद्याचे आठ असेच वाजून जातील, हे तिला लख्ख कळलं. ती बाहेर आलीच.

"ताई, तसं नका लिहू. मी शोधतेय. या महिन्यात अकरा ठिकाणी अर्ज केलेत. परवा इंटरव्ह्यू दिला. आज सकाळी फोन आला, सिलेक्शन झालंय. उद्यापासून बोलावलंय."

बाळारामची खुर्ची करकरली. "परवा तं तू ब्लाउज शिवाला टाकाला गेलेलीस."

"टाकला ना, आजा. मग तिथून तिकडे गेले."

मृणालिनीताईंचं डोकं टॅबमध्येच. "आजपर्यंत काम सुरू नाही, पण शोधताय. बोलावलं तर जायला तयार आहात?"

सलोनीने आज्याकडे पाहिलं आणि नजर न हटवता म्हणाली, "तयार आहे."

"मग तुम्हाला बेरोजगार लिहावं लागेल."

हा शब्द ऐकला की लोक मान खाली घालतात. सलोनीला मात्र आनंदाने नाचावंसं वाटलं. दोन वर्षं ती कशातच नव्हती, आज निदान रांगेत तरी उभी राहिली. "लिहा ना," ती हसत म्हणाली, "बिनधास्त लिहा."

बाळाराम ताडकन उठला. "खोड ते. आमचे घरान आजून कोन बेरोजगार झाला न्हाय. गाव काय बोलंल?"

"आजोबा, खरं तेच लिहावं लागतं, खोडता येत नाही. तीन महिन्यांनी मी परत येईन. तोवर नात कामाला लागली असेल तर तसं लिहीन."

म्हातारा परत खुर्चीत टेकला. एकीकडे दुसऱ्याची चाकरी, दुसरीकडे हा शब्द. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी तो सलोनीकडे वळला.

"किती वाजता जायाचं हाय?"

"आठ."

"मंग साडेसातलाच जा. उशीर केलास न् त्यांनी काढली, तं ही बाई परत येऊन तेच लिवंल."