फायटरला सोबत

बरणीतल्या फायटर माशाला एकटं वाटत असेल, म्हणून मी माझा दाढीचा आरसा बरणीला टेकवून ठेवला. समोर दुसरा फायटर पाहून त्याने दिवसभर काचेवर धडका मारल्या. शेपटी फाटली, मग सडायला लागली.

खालच्या मजल्यावर एकटे राहणारे काका बघायला आले. आम्हा सिडकोतल्या शेजाऱ्यांशी ते "हं" आणि "बरंय" एवढंच बोलत. माशाला मात्र म्हणाले, "काय साहेब, कोणाशी भांडलात?" मग मला, "आरसा काढा आधी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते तांब्यातून क्लोरीन उडावं म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी आणत, चिमूटभर मीठ विरघळवत, बरणीतलं थोडं पाणी बदलत आणि चहा पिऊन जात. शेपटी पुन्हा फुलली, तरी तांब्या येतच राहिला. एकदा मी म्हणालो, "काका, ठणठणीत झाला की हा."

काका बराच वेळ बरणीपाशी वाकून राहिले. "डावीकडे अजून जरा आहे," म्हणाले आणि चहा न घेताच खाली गेले.

मला काहीच दिसलं नव्हतं. बायको म्हणाली, "मला दिसलं. उद्या तुम्हालाही दिसू द्या. नाहीतर परवा ते कशाच्या निमित्ताने येतील?"