बाळंतपणाला बाप गेला

एसटीला निघताना मी घराला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. आमच्या घराला त्याआधी कधी कुलूप लागलं नव्हतं. बाहेर जाताना कडी घालायची, बास. थोरला दादा ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "किल्ली हितं ठेव." मी ठेवली नाही. आदल्या दिवशी पारावर चार माणसांत त्यानं मला विचारलं होतं, "बाप्या मानूस बाळंतपन करनार? आन् पोराला पाजनार पन तूच का?" सगळे हसले होते. हसणाऱ्याच्या हातात किल्ली कशाला देऊ?

तुम्ही गावाकडं अजून हसता म्हणून हे लिहितोय. माझ्यासारखी जी माणसं इकडं शहरात येऊन पडलीत त्यांनीही वाचावं.

माझी बायको, सुमनची आई, श्रावणात गेली. सुमन एकुलती लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला कुणी शिकवायला नको. पण माहेर म्हणजे आई. ती गेल्यावर माहेर म्हणजे नुसत्या चार भिंती. भावजय म्हणाली, आणा पोरीला, करू कसंबसं. त्या 'कसंबसं'वर मी उठलो. पोरीला सासूही नाही. मग मीच तिच्याकडं तुर्भ्याला गेलो.

जावई मार्केटात कांद्याची पोती वाहायचा. एक खोली, वर पत्रा. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणतात. मी पहिल्याच दिवशी प्यालो. तहान लागली होती.

दिवस भरले, तारीख उलटली, कळांचा पत्ता नाही. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, बाळ बरं आहे, सोमवारपर्यंत वाट बघू, नाहीतर ॲडमिट करून सलाईनमधून कळा आणू. सुमन घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. तिची आई सलाईनची बाटली लावलेली असतानाच गेली होती. म्हणाली, "आबा, मला ती बाटली नको."

मी म्हणालो, नको तर नको. कळा आपण आणू.

डॉक्टरणीला विचारूनच सगळं चाललं होतं. चालवा म्हणाली, खूप चालवा. मग सकाळी सुमनला घेऊन मी मार्केटच्या बाजूला निघायचो. ट्रकवाले हॉर्न मारायचे, मी त्यांना शिव्या द्यायचो, पोरगी पोट धरून हसायची. पलीकडच्या सोसायटीत जिना होता, तिथं तिला हळूहळू चढवायचो. वॉचमन म्हणाला, किसके यहाँ जाना है? मी म्हणालो, कुणाकडं न्हाई, जिना वापरायचाय. दुसऱ्या दिवसापासून त्यानं सुमनला बसायला खुर्चीच काढून ठेवली.

घरी ती उकिडवी बसून फरशी पुसायची. मी म्हणायचो, कोपरा राहिला. गरम पाण्यानं कंबर शेकायची. शेजारची हलीमाबी उरणकडची, तिनं खजूर आणून दिला. रोज खा म्हणाली, आमच्यात सगळ्या खातात. भावजयीनं एका ट्रकवाल्याच्या हाती एरंडेलाची बाटली धाडली होती. डॉक्टरीण म्हणाली, हे अजिबात द्यायचं नाही, जुलाब होतील, पोरगी गळून जाईल. ते तेल मी दाराच्या बिजागरीला घातलं. दार करकरायचं थांबलं. तेवढाच उपयोग.

शनिवार आला. काही नाही. सुमन जेवेना. हलीमाबी दारात बसली, म्हणाली, "भाऊ, घरात काय बांधून ठेवलाव? बाई अडली की गाठी सोडतान, कुलपा काढतान. सगली."

हे मला ठाऊक होतं. सुमनच्या वेळी माझ्या आईनं घरातल्या डब्यांची झाकणंसुद्धा काढली होती. आम्ही गाठोडी सोडली, ट्रंक उघडली, सुमननं केस मोकळे सोडले. मग ती माझ्या कमरेकडं बघायला लागली. म्हणाली, "आबा, त्या घराला कुलूप हाय."

गाव इतकं लांब, किल्ली माझ्याकडं. कुलपानं कळा अडतात असं मी मानत नाही. पण तिला मी नको तर नको म्हणालो होतो. उठलो आणि एसटीडी बूथवर गेलो. गावातल्या दुकानात फोन लावला, दादाला बोलावून घ्यायला सांगितलं.

मी म्हणालो, "दादा, कुलूप तोड."

त्याला वाटलं मी परत येतोय. म्हणाला, आलास न्हवं वळणावर? मी म्हणालो, येत न्हाई. पोरगी अडलीय. कुलूप तोड.

मग तो हसला नाही. पाट्याच्या वरवंट्यानं त्यानं कोयंड्यासकट कुलूप तोडलं. दुकानदार सांगतो, आवाज दुकानापर्यंत आला.

रविवारी फरशी पुसता पुसता सुमन थांबली. कळ आली होती. खजुरानं आली, चालण्यानं आली का दादाच्या वरवंट्यानं, मला विचारू नका. डॉक्टरीण म्हणाली, वेळ झाली म्हणून आली. तसंच असेल. दवाखान्यात गेल्यावर कळा मंदावल्या आणि शेवटी बाटली लागलीच. मी दाराबाहेर बसलो होतो. आतून सुमन ओरडली, "आबा, बाटली लावलीय. पर मी न्हाई भीत. उठू नगा तिथनं."

मी उठलो नाही. नात झाली.

नातीला मी न्हाऊ घातलं, लंगोट धुतले, सुमनला डिंकाचे लाडू केले. पहिले दगडासारखे झाले, जावयानं बिनतक्रार खाल्ले. सुमनची आई असती तर मला चुलीजवळ फिरकू दिलं नसतं. ती नाही, म्हणून मी शिकलो.

दादा, तू सारखा निरोप धाडतोस, दार उघडं आहे, शेरडं आत बसतात, येऊन कोयंडा बसव. मी येत नाही आणि तूही बसवू नकोस. माझं घर आता इथं पत्र्याखाली आहे. लेकीच्या घरचं खातो आणि भांडी घासतो. आपल्या गावात कुणाच्या लेकीची आई नसेल, तर तिला त्या उघड्या घरात आणा. शेरडं बाहेर काढा आणि मला फोन करा. तेवढ्यासाठी येईन. बाप्या आहे, पण आता मला येतं.