चंद्रीचा सोमवार

ताडकळसच्या पेठेत मन्मथअप्पांचं धान्याचं दुकान होतं. आचाराला माणूस इतका कडक, की जेवताना कुणी मटणाचं नाव काढलं तरी पानावरून उठायचा. महायुद्धाच्या लढाईमुळे धान्याची टंचाई, त्यात उंदरांनी पोती कुरतडलेली. तेव्हा अप्पांनी चुडाव्याहून मांजरीचं पिल्लू आणलं आणि नाव ठेवलं चंद्री. पहिल्याच सकाळी तिच्या कपाळाला विभूती लागली. ही काही कामाची मांजर राहत नाही, हे त्यांच्या बायकोनं, नागुबाईनं, तेव्हाच ओळखलं.

चंद्रीला वाटीभर म्हशीचं दूध आणि तूपभाकरी. वर सोमवारी घरच्यांसारखा तिलाही उपास, संध्याकाळी पूजा झाल्यावर प्रसाद. अप्पा हे कौतुकानं सांगत फिरायचे. मला विचाराल तर उपास माणसानं करावा, मांजरानं उंदीर धरावा.

दुधानं चंद्रीला ढाळ लागले, बरगड्या दिसायला लागल्या. एका सोमवारी दुपारी ती पोत्याआड पडली ती हाका मारल्या तरी मान उचलेना. अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. नागुबाईनं समोरच्या मनकर्णेला बोलावलं. शेतकरीण बाई, दारात कोंबड्या राखलेल्या.

"अप्पा, लेकराला उपाशी मारायलाव का?" पिल्लू हातात घेऊन ती म्हणाली. "दूध सोसंना तिला. वाढतं जनावर हाय, दिसातून चार-पाच डाव थोडं थोडं लागतंय. अंडं द्या उकडून, बाजारादिवशी मासळी, काटे काढून. मीठ-मिरची न्हाई. पाणी भरून ठिवा."

"अंडं? ह्या घरात?"

"मग बसा बघत."

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग पिल्लू धोतराच्या सोग्यात घेऊन भर पेठेतून मनकर्णेच्या दारात गेले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"खाल्लं का?"

"चाटायलीय."

"आता?"

"खायलीय, अप्पा."

मला त्या माणसाची ती पाठ फार आवडते.

तेव्हापासून चंद्री राहायला अप्पांकडं, जेवायला मनकर्णेकडं. सगळ्या खेपा अप्पा स्वतः करायचे, गिऱ्हाईक ताटकळलं तरी. चंद्री अंगानं भरली, पोती शाबूत राहायला लागली. पेठेतले टवाळ विचारायचे, "अप्पा, तुमचं मांजर अंडी खायलंय म्हणं?"

"लेक दिल्या घरचं खाती," अप्पा शांतपणे म्हणायचे.

सोमवार त्यांनी कधी मोडला नाही. फक्त संध्याकाळी पूजा आटोपली तरी पान वाढू द्यायचे नाहीत. चंद्री मिशा चाटत समोरच्या दारातून बाहेर आली, की मग जेवायला बसायचे.