सगळ्यात आधी मी ऐकलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही. आमच्या मजल्यावरचे पास्कूअंकल म्हणतात, पापनिवेदन केलं की माणूस हलका होतो. पण त्यांच्यासाठी निदान जाळीपलीकडे फादर बसलेले असतात. माझ्यासाठी तुम्हीच. आणि तुम्ही — स्पष्टच सांगतो — अशा लोकांपैकी आहात, ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं नाक वर करून बघत आलो. गाणं गाजल्यावर ऐकणारे लोक. रागावू नका. शेवटपर्यंत वाचलंत, तर तुम्हालाही माझ्याकडे तसंच बघता येईल.

दिवसा मी वालीवच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासतो. हुद्दा मोठा आहे, काम तेवढंच — झाकण बसतंय की नाही. संध्याकाळी मात्र मी कुणीतरी असतो. ‘पहिला कान’ नावाचं माझं एक पान आहे, इंटरनेटवर. नाव मीच ठेवलंय, त्यावरून काय ते ओळखा. तिथं मी इलेक्ट्रो-पॉप करणारे नवे कलाकार लोकांपुढे आणतो. अट एकच — कुठल्याही कंपनीनं त्यांना साइन केलेलं नसावं. घरात लॅपटॉपवर ठोके जुळवणारी, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून गोधडीत शिरून गाणारी पोरं. ज्यांचं गाणं त्यांच्या मावशीनंसुद्धा पूर्ण ऐकलेलं नाही, अशी.

साइन झाला, की तो कलाकार माझ्यापुरता मेला. ‘आता त्याच्यात ती गोष्ट राहिली नाही,’ असं मी लिहून टाकायचो. कुठली गोष्ट? ते कुणी विचारायचं नाही. खरं तर गाणं तेच असायचं. फक्त आता ते रिक्षावाल्यालाही आवडायचं, आणि हा अपमान मला सोसवायचा नाही.

सुजाता, माझी बायको, एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुमच्या इतक्या कलाकारांतला एक तरी आपल्या दूधवाल्याला माहीत आहे का हो?”

“माहीत असता, तर मी कशाला ऐकला असता?”

“मग तुम्हाला गाणं आवडतं, की दूधवाल्याला न आवडलेलं आवडतं?”

मी हेडफोन लावले. शहाण्या माणसानं तेव्हाच पान बंद केलं असतं.

आणि माझा कान तरी काय दर्जाचा! नागपूरच्या एका मुलाचा ट्रॅक आला. साडेतीन मिनिटं नुसती टिकटिक. मी भारावलो. ‘शांततेचा इतका धीट वापर आपल्याकडे कुणी केलेला नाही,’ असं लांबलचक लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याचा मेसेज — ‘सर, गाणं राहूनच गेलं. ताल धरायची टिकटिक तेवढी अपलोड झाली.’ मी काय करावं? त्याला कळवलं, गाणं घालू नकोस, आहे तेच ठेव. तुम्ही हसताय. हसा. हा किस्सा मी स्वतः चारचौघांत सांगतो, फार रंगवून सांगतो. छोट्या फजित्या सांगत राहिलं, की माणूस मोकळ्या मनाचा वाटतो, आणि मग कुणी पुढे काही विचारत नाही. म्हणून तर मी इतके किस्से सांगतो.

हां. मुद्द्यावर येतो.

नेत्रानं मला गाणं पाठवलं, तेव्हा ती कुठली, काय, मला माहीत नव्हतं. हेडफोन लावले आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात माझ्या मानेवर काटा आला. खालून एक जाडसर, थरथरता बेस. मध्येच दम लागल्यासारखा अडायचा, पुन्हा धरायचा. त्यावर एका मुलीचा न सजवलेला आवाज. शब्द अर्धेच कळत होते, पण भाषा आमच्याच वसईची होती, वाडीतल्या जुन्या घरांत बोलतात ती. माझे वडील देशावरून नोकरीसाठी इथं आले. इथं अर्धं आयुष्य काढूनही मला ती बोली येत नाही. घरून हाक येते आणि मुलगी जात नाही, एवढंच ते गाणं. मी त्यावर लिहिलं. बेसबद्दल तर अर्धं पान — ‘हा जुन्या काळातल्या परदेशी सिंथेसायझरचा आवाज, जाणकारांना ओळखू येईल’ वगैरे.

तिनं फोन केला. “दादा, खूप छान लिहिलंत. पण तो सिंथ नाहीये. आमच्या पाण्याची मोटर आहे.”

सांडोरला राहायची ती! माझ्या घरापासून स्कूटरवर जाता येईल इतक्या जवळ. मी गेलो. केळीची वाडी, कडेला बावखल — म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं — आणि त्यावर बसवलेली ती मोटर. नेत्रानं मोबाइल तिच्या शेजारी विटेवर ठेवून आवाज टिपला होता, मग लॅपटॉपवर त्याचा सूर खाली उतरवला होता. पाणी उतरलं, की मोटर हवा ओढते आणि दम लागल्यासारखी अडते. तोच तो दम.

तिचे बाबा केळीची सुकी पानं कापत होते. कोयता हातातच ठेवून त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

“तुम्ही कंपनीचे का?”

“नाही काका. मी नवे गायक शोधतो.”

“सापडला, की काय करता?”

“लोकांना सांगतो.”

“मग?”

मग? मी चहाचा कप तोंडाला लावला. नेत्रा हसायला लागली. “बाबा, पुरे ना.” पण बाबांनी तेवढ्यात तिचा आणि त्यांचा करारही मला सांगून टाकला, साक्षीदार मिळाल्यासारखा. पोरगी शिकली आहे, आत्याच्या ओळखीनं पतपेढीत नोकरी तयार आहे. पण तिला वर्षभर हे करून बघायचंय. करू दे. वर्षात बाहेरच्या कुणी जाणत्या माणसानं विचारलं, तर ते आड येणार नाहीत. नाही विचारलं, तर नोकरी. “आम्हाला यातलं कळत नाही,” ते म्हणाले, “म्हणून कळणारा कुणीतरी विचारू दे.” इतकी साधी, इतकी रास्त अट.

मी तिला सल्ला दिला — अर्थात दिला, सल्ला देण्यात मला कुणी हरवत नाही. म्हटलं, नाव, गाव, फोन, फोटो, काही टाकू नकोस. गूढ राहू दे. ज्याला खरंच शोधायचंय, तो शोधेल. तिनं ऐकलं. त्यामुळे काय झालं, आलं ना लक्षात? तिच्याकडे जायची वाट एकच उरली, आणि त्या वाटेवर मी खुर्ची टाकून बसलो होतो.

एक दिवस मुंबईच्या एका म्युझिक कंपनीतून फोन आला. दुपारची जेवणाची सुट्टी, मी कारखान्याच्या गेटबाहेर उभा. एक तरुण, तोंडात च्युइंगम, म्हणतो, “बॉस, ती गावठी आवाजवाली पोरगी एकदम क्यूट आहे, तिला जरा पॉलिश मारू, नंबर टाक ना—”

नाही. थांबा.

तो असं बोलला नव्हता. मी हा प्रसंग मनातल्या मनात इतक्या वेळा असाच सांगितला आहे, की आता हातून आपोआप तसाच उतरतोय. च्युइंगम मी घातलं. ‘गावठी’ हा शब्द माझा. पॉलिशही माझंच.

तो म्हणाला, “नमस्कार, थोडा वेळ आहे का? तुमच्या पानावरच्या त्या वसईच्या बोलीतल्या गाण्याबद्दल बोलायचं होतं. मी ते परत परत ऐकतोय. तुम्ही सिंथ लिहिलंय, पण मला वाटतं, ती पाण्याची मोटर असावी. दुसऱ्या कडव्याआधी हवा ओढते, बघा. कमाल केलीय त्या मुलीनं. तिची आणखी गाणी आहेत का? तिच्याशी बोलता येईल?”

नुसतं ऐकून कळलं त्याला. मला वाडीत जाऊन, मोटरीसमोर उभं राहून कळलं होतं, आणि तेही तिनं सांगितल्यावर. मी लिहिलेलं दुरुस्तही केलं नव्हतं — पहिल्या कानाची चूक कोण कबूल करतो? इतकी वर्षं माझी समजूत होती, की कंपन्यांत बहिरे बसलेत म्हणून माझ्यासारख्यांची गरज आहे. आणि हा माणूस, नम्र आवाजाचा, पगारी नोकर, माझ्यापेक्षा चांगला ऐकत होता. याला ती भेटली, तर माझी गरज किती दिवस? ती याचंच ऐकणार. ऐकावं असंच तो बोलत होता.

मी म्हणालो, “तिचा करार झालाय. दुसऱ्या कंपनीनं साइन केलंय.”

“अरेरे,” तो म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. “पण बरं झालं. तिला माझं अभिनंदन सांगाल?”

सांगतो म्हटलं. आत गेलो, डबा उघडला, जेवलो. व्यवस्थित जेवलो, हेही लिहून ठेवतो. महिन्याभरानं त्याचा मेसेज आला — गाणी कधी येतायत, कुठली कंपनी? मी उत्तर दिलं नाही. पश्चात्ताप वगैरे नव्हे. दुसरं खोटं रचायचा कंटाळा आला.

हे एवढंच असतं, तर मी त्याला मत्सर म्हणून सोडून दिलं असतं. मत्सराला जरा ऐट असते. पण पुढचं ऐका.

वर्ष संपत आलं, तसे नेत्राचे फोन वाढले. आधी मोघम, मग सरळ. “दादा, कुणी विचारलं का हो?”

“अजून तरी नाही.”

‘अजून तरी’! काय ती सफाई. वर मी तिला धीर दिला — कंपन्यांना काय कळतं, दुकानदार सगळे, तू शुद्ध आहेस, अशीच राहा. तासभर बोललो. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “पण एकानं तरी विचारायला हवं होतं ना, दादा? म्हणजे माझंच काहीतरी कमी पडत असेल.”

इथं बोलायला जागा होती. मी काय म्हणालो, माहीत आहे? म्हणालो, “असेल. थोडी घाई दिसते तुझ्या कामात.”

ती पतपेढीत लागली. गाणी तिनं स्वतःच काढून टाकली. त्यावर मी पानावर लिहिलं, हरवलेल्या गायिकेबद्दल. या निर्दय बाजारात असे आवाज टिकत नाहीत, असं. माझ्या कुठल्याच लेखाला इतकी दाद मिळाली नव्हती. लोक म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून. मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्या पतपेढीत माझंही खातं आहे. मी लांबच्या शाखेत जातो. सुजाताला सांगितलंय, तिथं गर्दी कमी असते.

पण वसई ती केवढी. गेल्या महिन्यात पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात समोरासमोर आलो. सुक्या बोंबलांच्या टोपल्यांपाशी, तिच्या हातात पिशव्या, माझ्याही. बरी दिसत होती. दुःखी असती, तर मला सोपं गेलं असतं. सोबतच्या मैत्रिणीला तिनं माझी ओळख करून दिली. “हे ते दादा. मी गाणी करायचे ना, तेव्हा सगळे नुसतं छान छान म्हणायचे. हे एकटेच खरं बोलले. कुणी विचारलं नाही, तर नाही म्हणून सांगितलं. खोटी आशा नाही लावली. बाबा अजून म्हणतात, माणूस सरळ आहे.”

मैत्रिणीनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी मान हलवली. विनयानं. बोंबलांचा भाव विचारला.

पान अजून चालू आहे. परवाच एक नवा मुलगा टाकलाय. विरारचा, साइन न झालेला.

माफी मी मागणार नाही. मागितली, की ती द्यायची की नाही हे तिला ठरवत बसावं लागेल, आणि तिचं काहीतरी ठरवण्याचं काम मी एकदा करून बसलोच आहे. तिचं नाव तेवढं बदललंय. गाव, वाडी, मोटर, पतपेढी, सगळं तेच ठेवलंय. ती वाचते. तिला कळेल.

विचारलं होतं, नेत्रा. चांगल्या माणसानं, तुझं गाणं तू केलंस तसं ऐकून, तुझ्याबद्दल विचारलं होतं. तेव्हा तुझ्या वर्षातले पुष्कळ महिने शिल्लक होते. तुझ्या कामात घाई नव्हती.